पित्ताचं निमित्त

दारू सोडली की माणूस कसा ताजातवाना होतो, असं जो कोणी सांगतो त्याला मला एकदा भेटायचं आहे. भांडायचं नाही. फक्त माझ्या त्या दिवसांतला एक अख्खा दिवस त्याला वापरायला द्यायचा आहे. वापरून बघ म्हणावं, आणि मग सांग ताजातवाना.

मी दारू सोडली ती चेन्नईत आणि भर मे महिन्यात. मुहूर्त काढायची अक्कल बघा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "घाम खूप येईल." चेन्नईत, मे महिन्यात, घाम येईल! हे ऐकायला मी पेरुंगुडीहून अण्णा नगरला गेलो होतो, म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. कारण पेरुंगुडीत आमचं घर, पेरुंगुडीतच ऑफिस, आणि तिथल्या दवाखान्यात बाकावर बसलो तर शेजारी नेमका आमच्या टीममधला कोणीतरी सर्दी घेऊन बसलेला असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आता गंमत अशी की घराजवळच्या सरकारी दारूदुकानासमोर चारचौघांत रांगेत उभं राहताना मला कधी कुणाची लाज वाटली नव्हती. लाज वाटली ती बरं व्हायला जाताना.

घामाचं एक बरं होतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळेच निथळत असायचे, त्यामुळे माझ्या अंगचा कुठला आणि हवेचा कुठला हे कुणी विचारायला यायचं नाही. बाकीच्या दुखण्यांना मात्र असा आडोसा नव्हता. पायांत गोळे यायचे. अंगावर मुंग्या फिरल्यासारखं व्हायचं. डोकं ठणकायचं, पोटात वायू धरायचा, झोप तर माझं नावच विसरली होती. तोंडाला चव नाही आणि गोड मात्र इतकं खावंसं वाटायचं की मैसूरपाकाचा डबा मी मांडीवर घेऊन बसायचो. डॉक्टर भला माणूस, पण त्यांच्याकडे शब्द एकच होता, 'नॉर्मल'. हे नॉर्मल, ते नॉर्मल. एकदा मी वैतागून म्हटलं, "डॉक्टर, मी उभ्या जन्मात इतका नॉर्मल कधी नव्हतो." तर म्हणाले, चिडचिड होणंसुद्धा नॉर्मल. घ्या!

सगळ्यात बेइमान निघाले हात. इकडे कॉफी कानाच्या कपात देत नाहीत. बिनकानाचा पेला, त्याच्याखाली खोलगट वाटी. पेल्यातली कॉफी वाटीत, वाटीतली पेल्यात, अशी उंचावरून धार सोडत निववायची. अख्खं ऑफिस बोलता बोलता हे करतं, धारेकडे बघतही नाही. मीही वर्षानुवर्षं करत होतो. आता मात्र धार पेल्याला सोडून टेबलावर, टेबलावरून माझ्या शर्टावर. शेवटी मी ती तशीच उकळती प्यायला लागलो आणि जीभ भाजून घेतली. दुपारी कॅन्टीनमध्ये केळीच्या पानावर रसम-भात. पातळ रसम पानाबाहेर जाऊ न देता हातानं खाणं ही इथली कला, आणि माझी बोटं तर भाताचा घास तोंडापर्यंत नेताना निम्मा वाटेत वाटून टाकत होती. "शुगर तपासून घे," असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "थायरॉइड." मी दोघांनाही मनापासून मान डोलावली. फुकटचे सल्ले देणाऱ्यांचा एक मोठा गुण असतो, ते उत्तराची वाट बघत नाहीत.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, डॉक्टरांना आणि बायकोला. सोलापूरला आईला मी सांगितलं होतं, पित्त झालंय.

आता पित्त हा आजार ज्यानं शोधून काढला त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं. आमच्या घरात त्याच्याइतका सोयीचा पाहुणा दुसरा नाही. डोकं दुखलं, पित्त. ओकारी झाली, पित्त. सणाच्या दिवशी सकाळी उठवेना, डोळे लाल, पित्त. पिण्याची सगळी वर्षं मी आईपुढे पित्तावर निभावून नेली आणि सोडल्यावरचे हालही त्याच खात्यात ढकलले. आई फोनवर विचारायची, "उपाशीपोटी चहा पितोस का?" मी म्हणायचो, हो गं, चहाच नडतो. बायको शेजारी बसून हे ऐकायची आणि उठून खोलीबाहेर जायची.

बायको इथलीच. तंजावरच्या मराठ्यांची, कितीतरी पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातली. माहेर तांबरमला. तिच्या घरचं मराठी ऐकून माझी आई पहिल्यांदा गोंधळलीच होती, म्हणाली, ही बोलते आपलंच, पण तीनशे वर्षं उशिरा पोचतंय. बायको स्वभावानं शांत, आणि शांत माणसाशी भांडता येत नाही हे मोठं दुःख. तिनं मला एकदाच सांगितलं होतं, आवाज न चढवता. "ह्या वेळी मी तुझ्याबरोबर आहे. पुन्हा एकदा तोंडाला वास आला, तर मी तांबरमला. रडणार नाही, बोलवायला येऊ नकोस." तिनं असं काही सांगितलं की ते होतं. तिच्यासाठी ते धमकीत येत नाही, वेळापत्रकात येतं.

सुरुवातीची थरथर ओसरली तशी डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली. ही गोळी पोटात असताना दारूचा थेंब गेला की शरीर असा काही तमाशा करतं की बघणारा घाबरावा. रोज सकाळी बायको ती माझ्या तळहातावर ठेवायची, मी गिळायचो, मग ती म्हणायची, "आ कर." चाळिशी ओलांडलेला, हाताखाली माणसं असलेला मी गृहस्थ, आ करून जीभ उचलून दाखवायचो. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं, कशाकशात दारूचा अंश असतो ते. खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय नको. चूळ भरायचं ते निळं पाणी नको. दाढीनंतरचं लोशन नको. केकसुद्धा विचारून. मी इतका काटेकोर झालो की ऑफिसात एकाच्या वाढदिवसाचा केक घेतला नाही, तर तो पोरगा रुसला. एवढं सगळं पाळलं. आणि घात कुठे झाला? घरात, आईच्या हातून.

आई आली सोलापूरहून. मुलाचं पित्त जात नाही म्हटल्यावर ती फोनवर किती दिवस बसणार? स्टेशनवर मला बघितलं आणि म्हणाली, "काय रे हे, पार वाळून गेलास की!" सामान विचारू नका. शेंगाची चटणी, कडक भाकरी, लिंबाचं लोणचं, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. रुळली जराशी आणि लागली कामाला. बायको तिच्यासमोर मला 'अहो' म्हणायची, एरवी आमचं अरेतुरे. सकाळची गोळी आता न्हाणीघराच्या दाराआड उरकायची. आ करायचं, तेही आवाज न करता. आईनं विचारलंच एकदा, "रोज सकाळी दोघं तिथं काय करता रे?" मी म्हटलं, नळ गळतोय.

एका दुपारी मी घरून काम करत होतो. बायको ऑफिसला गेलेली. जेवायला बसलो आणि अर्ध्या भाकरीवर हात आखडता घेतला. आई ताटाकडे बघत बसली, मग म्हणाली, "तुझी अन्नावरची वासनाच गेलीय. आधी भूक लागायला पाहिजे. भूक लागली की पित्त आपोआप खाली बसतं." हे शास्त्र तिचं स्वतःचं. संध्याकाळी चहाच्या वेळेला ती स्टीलचा पेला घेऊन आली. आमच्या गल्लीतल्या वैद्यांचं द्राक्षासव. लहानपणापासून पीत आलोय. मुलांना भूक लागावी म्हणून देतात, बाळंतिणीला असलीच आसवं-अरिष्टं देतात, एकादशी मोडत नाहीत अशा बायका ती घेतात. ते औषध. त्याला दारू म्हणणारा आमच्या गल्लीत मार खाईल. द्राक्षं आंबवून, मुरवून ते करतात हेही मला ठाऊक होतं. आंबवलं की काय तयार होतं हेही ठाऊक होतं, इंजिनिअरिंगची पदवी आहे माझ्याकडे. पण एक गोष्ट बाटलीतली आणि एक गोष्ट आईच्या पेल्यातली, आणि या दोन्ही माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या. चमच्यानं मोजायचं ते आईनं मायेनं अर्धा पेला ओतलं होतं. मी प्यायलो. छान लागलं. इतकं छान लागलं, तिथेच मला शंका यायला हवी होती.

आधी कान तापले. मग मानेपासून कपाळापर्यंत कुणीतरी गरम तवा फिरवल्यासारखं झालं. छाती अशी धडधडायला लागली की शर्ट हलताना दिसत होता. डोकं फुटायला आलं. धावत जाऊन ओकलो. आई मागे उभी, पाठीवरून हात फिरवत म्हणतेय, "पडू दे, पडू दे, सगळं पित्त पडू दे." मी बेसिनला धरून उभा राहिलो तर ती म्हणते कशी, "बाहेर पडलं ना औषध सगळं? थांब, अजून थोडं देते." मला हातानं नको नको करायलाही त्राण नव्हतं. आरशात बघितलं. चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले. हा माणूस मी फार चांगला ओळखत होतो. आणि श्वास सोडला तेव्हा तो गोडसर आंबूस वास माझा मलाच आला, आणि लख्ख कळलं काय झालंय ते. त्याच वेळी कुलपात किल्ली फिरली.

बायको आत आली. तिनं माझ्याकडे बघितलं, जमिनीवर सांडलेल्याकडे बघितलं, जवळ आली आणि माझ्या तोंडाजवळ क्षणभर थांबली. मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सरी."

तमिळमध्ये सरी म्हणजे ठीक आहे, बरं. भाजीवाल्याशी भाव ठरला की सरी, फोन ठेवताना सरी. पण तिचं ते सरी ऐकून माझ्या पोटात जे उरलंसुरलं होतं तेही गोठलं. कारण त्यात राग नव्हता. खांद्यावरची पर्स तिनं काढलीच नाही. कपाटाकडे गेली आणि वरची बॅग ओढायला लागली. आई बिचारी म्हणतेय, "अगं, पित्त उसळलंय त्याचं, घाबरू नकोस."

मी भिंत धरत तिच्यामागे गेलो. आई दारातच उभी होती, म्हणून मी इंग्रजीत सुरू केलं. आईला इंग्रजी येत नाही, तमिळ तर नाहीच. प्यायलो नाही, औषध घेतलं, त्या औषधात होतं, गोळीमुळे हे झालं. धाप लागत लागत सांगितलं. बायको माझ्याकडे न बघता कपडे भरत होती. मग मी तमिळमध्ये सांगितलं. तिचा हात थांबला. पण चेहरा तसाच. या दोन भाषांत मी तिला याआधी काय काय सांगितलं होतं हे तिला ठाऊक होतं. खोकल्याचं औषध होतं. होमिओपॅथीचं होतं. मित्राच्या शर्टाचा वास होता. सगळं असंच, सणावाराला आईच्या देखत, आईला न कळणाऱ्या भाषेत, दबक्या आवाजात.

ती वळली आणि म्हणाली, "मराठीत सांग."

"आई उभी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. आईंना कळेल असं सांग. तू खोटं बोलत असलास, तर त्यांच्यासमोर तुला बोलता यायचं नाही. सांग."

तिनं आईसमोर मला 'तू' म्हटलं होतं. आईच्या ते लक्षात आलं, मी बघितलं. नळ, पित्त, चहा, सगळी सोंगं एकदम गळून पडायला निघाली होती आणि मला, खरं सांगतो, बायको जाण्याची भीती वाटत होती आणि आईला कळण्याचीही तितकीच. छाती धडधडत होती ती त्या गोळीनं का या भीतीनं हे कुणाला सांगता आलं असतं? इतकी वर्षं मी पित्ताचं जे पांघरूण विणलं होतं ते मीच फाडायचं होतं, तेही ओकून उभ्या असलेल्या अवस्थेत. मला रडू आलं. आधी लाज आली, मग रडू, मग बोललो.

म्हटलं, "आई, मला पित्त नाही. मी दारू प्यायचो. रोज. खूप. आता सोडलीय. सोडल्यावर अंगाचे हाल होतात, ते तू बघतेयस. ती परत प्यायलो तर त्रास व्हावा म्हणून गोळी घेतो मी. तुझ्या आसवात ते असतं आई. थोडं असतं, पण असतं. मला सुचलंच नाही. मी प्यायलो नाही. तू दिलंस ते घेतलं."

आई वळली. स्वयंपाकघरात गेली, बाटली घेऊन आली आणि सुनेच्या हातात दिली. बायकोनं बूच काढून वास घेतला. घेतला आणि डोळे मिटले. मग बॅग तशीच उघडी टाकून तिनं अण्णा नगरच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'नॉर्मल' म्हटलं नाही. म्हणाले, आत्ताच्या आत्ता जवळच्या हॉस्पिटलात न्या, ठोके आणि रक्तदाब बघू द्या.

रिक्षात मी मध्ये, दोघी दोन बाजूंना. हॉस्पिटलात हाताला सलाईन लावलं, छातीला वायरी चिकटवल्या. बायकोनं तिथल्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं, आसवाचं सांगितलं. ते तरुण डॉक्टर बाटलीकडे बघून आधी हसले, मग तिचा चेहरा बघून गप्प झाले. तासाभरात चेहऱ्यावरची आग उतरली. बायको औषधं आणायला गेली. आई खाटेशेजारच्या बाकावर बसली होती, हातात पदराचं टोक घेऊन.

"किती वर्षं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

ती बराच वेळ मान हलवत राहिली. मी वाट बघत होतो. शिव्या दे, रड, तुझ्या बापानं कधी शिवली नाही म्हण. ज्याची मला इतकी वर्षं भीती वाटत होती ते एकदाचं होऊन जाऊ दे. आई म्हणाली, "मी सिद्धेश्वराला रोज जाऊन पित्ताचं सांगत होते रे. सोमवार धरले पित्तासाठी. अनवाणी जात होते. आणि तुला भलतंच दुखत होतं. त्याला तरी कळणार कसं? मी मागितलं तेच देणार तो. बसला असेल पित्त बरं करत."

तिनं माझा सुई नसलेला हात धरला आणि रागावून, खरंच रागावून म्हणाली, "आता नीट सांग. काय मागू? एकदा काय ते खरं सांग, म्हणजे माझी पायपीट वाया जाणार नाही."

मी काही म्हणायच्या आत मागून बायकोचा आवाज आला. औषधाची पुडी हातात घेऊन ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, कधीपासून ते माहीत नाही. म्हणाली, "आई, झोप मागा. ह्यांची नको. माझी. हे झोपत नाहीत आणि उठून कुठे जातील म्हणून मी झोपत नाही. ह्यांनी सोडल्यापासून मी झोपलेच नाहीये."

माझ्या घामाचा, माझ्या पायांतल्या गोळ्यांचा, माझ्या मुंग्यांचा मी तिच्यापुढे रोज पाढा वाचत होतो. ती ऐकून घ्यायची आणि ताक करून द्यायची. तिलाही काही होत असेल हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

आई बाकावर थोडी सरकली. बायको शेजारी बसली. आईनं तिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि तिथं, त्या उजेडात, ट्रॉल्यांच्या खडखडाटात, ती बघता बघता झोपली. तोंड जरासं उघडं, हातात पुडी तशीच. सलाईन संपलं. सिस्टर सुई काढायला आली आणि तमिळमध्ये मोठ्यानं काहीतरी म्हणायला लागली, तर आईनं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. मग माझ्याकडे वळून डोळे वटारले, की हललास तर याद राख.